खाणीतली रबरी नळी आणि तिच्यावरचा शिक्का

स्वयंपाकघरातील शेगडी आणि गॅसचा सिलिंडर यांना जोडणारी नारिंगी नळी आता शहरी घरांत सर्वांच्या परिचयाची आहे. पूर्वीच्या साध्या रबरी नळीची जागा तिने घेतली. आत तारेचे वेष्टन, बाहेर सहजासहजी पेट न घेणारे रबर, अंगावर आयएसआयची खूण आणि ९५७३ हा मानकाचा क्रमांक, अशी तिची ओळख. ती दर पाच वर्षांनी बदलावी, असे तेल कंपन्या सांगतात. किती घरांत ती बदलली जाते, हा प्रश्न वेगळा. ही खूण कोणत्या परीक्षेनंतर मिळते, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. शिक्का पाहून नळी घरी आणतो आणि निर्धास्त होतो.

याच जातीची, पण जबाबदारीने कितीतरी मोठी अशी रबरी नळी कोळशाच्या भूमिगत खाणीत वापरली जाते. तिच्यावरही शिक्का असतो. तो मिळविण्यासाठी तिला ज्वालेची परीक्षा द्यावी लागते, आणि अशा परीक्षा अस्तित्वात येण्यामागे मोठ्या दुर्घटनांचा इतिहास आहे. हा शिक्का नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

खाण म्हटली की कुदळ, पाटी आणि कंदील असे चित्र अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात आधुनिक भूमिगत खाण द्रवाच्या दाबावर चालते. आपल्याकडील खाणींत कोळसा भरणारी एसडीएल आणि एलएचडी नावाची बुटकी यंत्रे असतात. त्यांचे हात, बादली, सुकाणू हे सारे हायड्रॉलिक तेलाच्या जोरावर हलते. लाँगवॉल पद्धतीच्या खाणीत तर छत तोलून धरणारे पोलादी आधार एकापुढे एक ओळीने उभे असतात. कोळसा कापला जाईल तसे ते स्वतःहून पुढे सरकतात. त्यांना बळ पुरवणाऱ्या द्रवाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीनशे पट असतो. अशा एका पॅनेलमधील नळ्यांची एकूण लांबी किलोमीटरमध्ये मोजावी लागते. याखेरीज दाबाखालील हवेच्या नळ्या निराळ्या, धूळ बसविण्यासाठी पाणी नेणाऱ्या नळ्या निराळ्या.

धातूचा पाइप वापरला तर आगीचा प्रश्नच राहणार नाही, असे कोणी म्हणेल. पण सतत हलणाऱ्या, वळणाऱ्या आणि सरकणाऱ्या यंत्राला ताठ पाइप चालत नाही. तेथे लवचीक नळीच हवी, आणि लवचीक नळी म्हणजे रबर. नैसर्गिक रबर हे कार्बन आणि हायड्रोजन यांचे संयुग आहे. एकदा पेटले की ते काळा धूर ओकत जळत राहते. म्हणून खाणीतील नळी थराथरांनी बनवितात. आतले अस्तर तेलाने न फुगणाऱ्या नायट्राइल रबराचे, मध्ये विणलेल्या किंवा गुंडाळलेल्या पोलादी तारांचे चिलखत आणि बाहेर बहुधा क्लोरोप्रीनचे कवच. निओप्रीन या नावाने ओळखले जाणारे हे कृत्रिम रबर १९३० मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्याच्या रेणूत क्लोरीन असतो. तापल्यावर त्यातून सुटणारा हायड्रोजन क्लोराइड ज्वालेतील रासायनिक साखळी तोडतो आणि मागे कोळशासारखी खपली राहते, ती आतल्या थराला झाकते. याशिवाय रबरात अँटिमनी ट्रायऑक्साइड मिसळतात, किंवा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. हे दुसरे द्रव्य तापले की पाणी सोडते व उष्णता शोषून घेते.

या सगळ्या खटाटोपानंतरही नळी जळतेच. ज्वालारोधक या शब्दाचा अर्थ ‘न जळणारी’ असा करणे ही सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. बाहेरची ज्वाला लावून ठेवली तर क्लोरोप्रीनही पेटते. त्याचा गुण एवढाच, की ती ज्वाला दूर केली म्हणजे ते आपले आपण विझते. नुसते विझणे पुरेसे का मानले जाते आणि तेवढ्यासाठी इतका आटापिटा का, हे कळण्यासाठी खाणीतील हवेचा विचार करावा लागतो.

घराला आग लागली तर माणूस दाराबाहेर पळतो. खाणीत हवा एका वाटेने आत येते, कामाच्या जागेवरून वाहते आणि दुसऱ्या वाटेने बाहेर जाते. हवेच्या येण्याच्या वाटेवर आग लागली, तर तिचा धूर पुढे काम करणाऱ्या प्रत्येक माणसापर्यंत पोहोचवण्याचे काम खाणीचा पंखाच इमानेइतबारे करतो. सेकंदाला दीड मीटर हा खाणीतील हवेचा काही फार मोठा वेग नव्हे. त्या वेगाने धूर मिनिटाला नव्वद मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर अंतर सुमारे अकरा मिनिटांत. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. हवेत त्याचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास गेले तर माणूस काही मिनिटांतच संपतो. कामगाराच्या कमरेला बांधलेले स्वयंरक्षक उपकरण त्याला साधारण अर्धा ते एक तास देते. खाणीच्या आगीत ज्वालेने होरपळून मरणारे थोडे, धुराने मरणारे पुष्कळ.

क्रेसवेल आणि मार्सिनेल

२६ सप्टेंबर १९५० च्या पहाटे इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील क्रेसवेल खाणीत हेच घडले. कोळसा वाहून नेणारा रबरी पट्टा फाटला होता. एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर कोळसा पडतो त्या जागी त्याचा तुकडा अडकला, घर्षणाने तापला आणि पेटला. आग हवेच्या वाटेवर होती. ऐंशी कामगार मरण पावले, बहुतेक सारे कार्बन मोनॉक्साइडने. आग आवरेना, म्हणून खाणीचा तो भाग आत काही मृतदेह असतानाच बंद करावा लागला. शेवटचे देह १९५१ मध्ये बाहेर काढता आले. या दुर्घटनेनंतर ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने साधे रबरी पट्टे काढून पीव्हीसीच्या अग्निरोधक पट्ट्यांकडे मोर्चा वळविला. पट्ट्याची परीक्षाही त्या अपघाताची आठवण ठेवूनच रचली गेली. थांबलेल्या पट्ट्याखाली पोलादी ढोल फिरत ठेवायचा, पट्टा घासून तुटेपर्यंत, आणि ज्वाला किंवा निखारा दिसतो का ते पाहायचे. जी गोष्ट प्रत्यक्षात घडली तीच प्रयोगशाळेत पुन्हा घडवून पाहणे, हे कोणत्याही चांगल्या परीक्षेचे लक्षण मानायला हरकत नाही.

क्रेसवेलमध्ये रबर स्वतःच इंधन झाले होते. सहा वर्षांनी बेल्जियममध्ये जे झाले, त्यात प्रश्न वाहिनीच्या आतल्या द्रवाचा होता. ८ ऑगस्ट १९५६ रोजी सकाळी मार्सिनेल येथील ब्वा द्यु काझिए खाणीत ९७५ मीटर खोलीवर कोळशाची डबी पाळण्यात पुरती सरकली नव्हती. पाळणा वर निघाला, बाहेर राहिलेली डबी अडकली आणि त्या धक्क्यात दाबाखालील तेलाची वाहिनी, विजेच्या तारा आणि दाबाखालील हवेचा पाइप हे सारे एकदम तुटले. तेलाचे तुषार, विजेची ठिणगी आणि भरपूर हवा. आग लावण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. २६२ माणसे गेली. त्यांतील १३६ इटलीहून पोटासाठी आलेली होती. आज ही खाण स्मारक आहे आणि २०१२ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे.

मार्सिनेलनंतर युरोपातील कोळसा व पोलाद समुदायाने खाणसुरक्षेसाठी कायमस्वरूपी मंडळ नेमले. नळीतून वाहणारा द्रवच जळणारा नसावा, हा विचार या मंडळाने पुढे नेला आणि अग्निरोधक हायड्रॉलिक द्रवांच्या चाचण्यांसंबंधी ‘लक्झेंबर्ग अहवाल’ म्हणून ओळखली जाणारी मालिका निघाली. तिचा सातवा अहवाल १९९४ चा आहे. लाँगवॉलच्या आधारांत आज जे द्रव वापरतात त्यात ९५ टक्के किंवा त्याहून जास्त पाणीच असते. मात्र सगळ्या यंत्रांना पाणी मानवत नाही, आणि जेथे तेल आहे तेथे नळीची जबाबदारी दुप्पट होते. तीनशे पट दाबाखालील नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तरी तेलाचे धुके तयार होते. थेंबाथेंबाने सांडलेले तेल जितके सहज पेटत नाही तितके हे धुके पेटते. जवळ हात नेला तर ते कातडीत शिरते, हा आणखी एक धोका.

परीक्षा कशी होते

अमेरिकेत ही परीक्षा खाण सुरक्षा व आरोग्य प्रशासनाच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ट्रायडेल्फिया येथील केंद्राच्या अखत्यारीत येते. तिचे नियम संघीय नियमावलीच्या तिसाव्या शीर्षकातील अठराव्या भागात, कलम १८.६५ मध्ये दिले आहेत आणि ते वाचताना एखाद्या पाककृतीची आठवण होते. नळीच्या भिंतीतून सहा इंच लांब व अर्धा इंच रुंद अशा चार पट्ट्या कापायच्या. त्या एकेक करून बंद पेटीत टांगायच्या. तीन इंच उंचीची गॅसची निळी ज्वाला स्थिर हवेत एक मिनिट पट्टीच्या मोकळ्या टोकाला लावायची. मग बर्नर दूर करून पंखा सुरू करायचा. हवेचा वेग मिनिटाला तीनशे फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे दीड मीटर. ज्वाला किती वेळ टिकते आणि ती गेल्यावर निखारा किती वेळ धुमसतो, हे घड्याळ लावून मोजायचे. चारही पट्ट्यांची सरासरी काढली असता ज्वाला एक मिनिटाहून व निखारा तीन मिनिटांहून अधिक टिकता कामा नये.

यातील पंखा महत्त्वाचा. स्थिर हवेत विझणारी पट्टी वाऱ्यात फुलू शकते, हे चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. निखाऱ्याची मोजणीही तितकीच अर्थपूर्ण आहे. ज्वाला विझल्यावर माणसाचे लक्ष उडते, पण धुमसणारे रबर कार्बन मोनॉक्साइड सोडतच असते.

परीक्षा उतरलेल्या नळीला क्रमांक मिळतो. तो ज्वालारोधक या शब्दासह नळीच्या अंगावर पाव इंच उंचीच्या अक्षरांत, दर तीन फुटांच्या आत एकदा उमटलेला असावा लागतो. ही बारीकशी अट फार शहाणपणाची आहे. खाणीत नळी अखंड राहत नाही, ती तोडून तुकडे करून वापरली जाते. तुकडा लहान असला तरी त्याची ओळख त्याच्याबरोबर जावी, हा हेतू.

युरोप व अन्य देशांत आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकांचा आधार घेतला जातो. भूमिगत खाणीतील तारयुक्त हायड्रॉलिक नळ्यांसाठी ६८०५ क्रमांकाचे मानक आहे, ज्वलनशीलतेच्या चाचणीसाठी ८०३० आणि विद्युतरोध मोजण्यासाठी ८०३१. हा विद्युतरोध मध्येच कुठून आला? दाबाखालील हवा धुळीसह रबराच्या आतून वाहू लागली की स्थिर विद्युत साठते, हिवाळ्यात लोकरी कपडा अंगातून काढताना चटचट आवाज येतो तशी. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असेल तर त्याचा स्फोट घडवायला तेवढी ठिणगी पुरते. म्हणून रबरात विशिष्ट काजळी मिसळून ते किंचित वाहक करतात, म्हणजे साठलेला भार जमिनीत उतरून जातो. ज्वालारोधक आणि स्थिरविद्युतरोधक या दोन्ही गुणांना मिळून खाणींच्या व्यवहारात ‘एफआरएएस’ हे संक्षिप्त नाव पडले आहे. चीनमध्ये अशा मालावर ‘एमए’ ही खूण असते.

छोटी पट्टी, मोठी आग

आता या परीक्षेची उणी बाजू. सहा इंचांची पट्टी आणि तीन इंचांची ज्वाला यांवरून शेकडो मीटर लांबीच्या वस्तूचे वर्तन कितपत सांगता येते? हा प्रश्न अमेरिकेत पट्ट्यांच्या बाबतीत विचारला गेला, कारण पट्टे आणि नळ्या या दोहोंना तेथे हीच चाचणी लागू होती. मोठ्या बोगद्यात पूर्ण आकाराचे पट्टे जाळून पाहिल्यावर असे दिसले, की छोटी परीक्षा उतरलेले काही पट्टे मोठ्या आगीत टोकापर्यंत जळत जातात. अधिक कडक चाचणीचा मसुदा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये तो मागे घेण्यात आला.

१९ जानेवारी २००६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील अराकोमा अल्मा खाणीत पट्ट्याने पेट घेतला. दोन कामगार धुरात वाट चुकून मरण पावले. या घटनेतील एक तपशील नळ्यांचा विचार करताना विसरता येत नाही. आग विझवायला धावलेल्या माणसांना आढळले, की अग्निशामक नळीच्या जोडाचे आटे पाण्याच्या तोटीच्या आट्यांशी जुळतच नाहीत; आणि तोटी उघडली तर तिला पाणीही नव्हते. नळी होती, तोटी होती, कागदोपत्री सारे जागच्या जागी होते.

त्यानंतर संसदेच्या आदेशाने तज्ज्ञांची समिती बसली आणि ३१ डिसेंबर २००८ रोजी पट्ट्यांसाठी नवा नियम आला. आता पट्ट्याचा पाच फूट लांब व नऊ इंच रुंद तुकडा बोगद्यासारख्या पेटीत ठेवून पाच मिनिटे जाळतात आणि शेवटी त्याच्या पूर्ण रुंदीचा काही भाग न जळता शिल्लक राहावा लागतो. नळ्यांना मात्र जुनी एक मिनिटाची परीक्षाच लागू राहिली. याला कारण आहे. पट्टा रुंद, सलग आणि मैलभर लांब असतो. नळी अरुंद, आत पोलादाने भरलेली आणि पुष्कळदा द्रवाने थंड राखलेली असते. युक्तिवाद चुकीचा नाही. तरीही लाँगवॉलमध्ये एकमेकींना खेटून जाणाऱ्या नळ्यांचा जुडगा हा एकट्या नळीपेक्षा पट्ट्याच्या अधिक जवळचा वाटतो, आणि त्या जुडग्याची परीक्षा कलम १८.६५ घेत नाही.

पट्ट्यांच्या आगी जुन्या काळाबरोबर गेल्या, असेही नाही. चीनमधील चोंगछिंग येथील सोंगझाओ खाणीत २७ सप्टेंबर २०२० रोजी पट्टा जळून कार्बन मोनॉक्साइड पसरला आणि सोळा कामगारांचा मृत्यू झाला.

आपल्याकडील व्यवस्था

भारतात खाणींच्या तपासणीचे कार्यालय १९०२ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाले. त्याचेच पुढील रूप म्हणजे धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालय. कोळसा खाणींचे १९५७ चे विनियम जाऊन २०१७ चे विनियम आले. ज्या १९५२ च्या खाण अधिनियमाखाली ते झाले, तो अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावून घेण्यात आला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायद्याची पाटी बदलली तरी गाभा जुनाच आहे: ठरावीक प्रकारची यंत्रे व साहित्य महासंचालनालयाच्या मान्यतेवाचून भूमिगत खाणीत नेता येत नाही. उत्पादकाने मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा, अहवाल सादर करायचा, आवश्यक तेथे प्रत्यक्ष खाणीत चाचणी द्यायची आणि मग मुदतीची मान्यता मिळवायची, असा हा मार्ग आहे. पट्ट्यांसाठी ३१८१ क्रमांकाचे भारतीय मानक आहे. धनबादची केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्था या क्षेत्रातील प्रमुख संस्था. तिचे एक केंद्र नागपुरातही आहे.

नागपूरचा उल्लेख सहज आलेला नाही. वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीचे मुख्यालय तेथे आहे. नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत तिच्या खाणी आहेत. उत्पादनाचा मोठा भाग खुल्या खाणींतून येत असला तरी सावनेरसारख्या भागात माणसे अजूनही जमिनीखाली उतरतात. आपल्या घरातील दिव्याचा आणि त्यांच्या पाळीचा संबंध पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा जाणवत नाही. आपल्याकडे कोळशाच्या थरांची वायूच्या प्रमाणानुसार तीन श्रेणींत विभागणी करतात. पहिल्या श्रेणीत एका टन कोळशामागे एक घनमीटरपर्यंत ज्वलनशील वायू निघतो, तिसरीत दहा घनमीटरांहून अधिक. श्रेणी जितकी वरची तितके साहित्याचे निर्बंध कडक. पण मिथेन कमी म्हणजे धोका कमी, हा हिशेब धुराच्या बाबतीत लागू पडत नाही, कारण जळत्या रबराला मिथेनची गरज नसते. २५ जानेवारी १९९४ रोजी पश्चिम बंगालमधील न्यू केंदा खाणीत लागलेल्या आगीत पंचावन्न कामगार गेले.

प्रमाणपत्राच्या मर्यादा कोणत्याही देशात सारख्याच आहेत. परीक्षा नमुन्याची होते, माल कारखान्यातून वर्षानुवर्षे निघत राहतो. अँटिमनी महाग झाले म्हणून मिश्रणात हात आखडता घेतला, तर नळी दिसायला तीच, वाकायला तीच, दाबालाही तीच. फरक फक्त आगीत कळतो. परीक्षेची पट्टी नवी व स्वच्छ असते, खाणीतील नळीच्या अंगावर तेल मुरलेले आणि कोळशाची भुकटी बसलेली असते. नळीला मान्यता असते, पण तिच्या टोकाला बसवलेला जोड दुसऱ्याच कोणाचा असू शकतो, आणि फुटण्याच्या घटना पुष्कळदा त्या जोडापाशीच होतात. शिवाय क्लोरीनयुक्त रबर विझते खरे, पण विझेपर्यंत निघणारा हायड्रोजन क्लोराइड डोळे व श्वास यांना असह्य असतो. धुरातून वाट शोधणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही तडजोड आहे, आणि क्लोरीन न वापरता तेच काम करणारी रबरे शोधण्यामागे हेच कारण आहे.

सर्वांत सामान्य चूक मात्र रसायनशास्त्राची नाही. रात्रपाळीत एसडीएलची नळी फुटते. कोठारात त्या मापाची मान्यताप्राप्त नळी नसते. जमिनीवरच्या कार्यशाळेत त्याच व्यासाची, त्याच दाबाची, ट्रॅक्टर किंवा उत्खनन यंत्राला लावण्याची साधी काळी नळी पडलेली असते. ती बसते, यंत्र सुरू होते, उत्पादन थांबत नाही आणि सकाळी कोणाला काही आठवतही नाही. ही अदलाबदल पकडण्याचा एकच मार्ग तपासनिसाच्या हातात असतो. हातातील दिवा नळीजवळ धरायचा, फडक्याने तिच्यावरची काळी पुटे पुसायची आणि पुढच्या तीन फुटांत अक्षरे दिसतात का ते पाहायचे.